काटकोनाची सिद्धता वजाबाकीत असते

दुबई, अबू धाबी, शारजा इथल्या बहुतेक भारतीय शाळांत सीबीएसईचा अभ्यासक्रम आहे आणि बारावीला मुलांच्या हातात एनसीईआरटीचं गणिताचं पुस्तक असतं. त्याच्या दुसऱ्या भागातलं दहावं प्रकरण सदिशांचं, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या व्हेक्टर्सचं. या प्रकरणात स्वाध्याय १०.२ मधला सतरावा प्रश्न आणि स्वाध्याय १०.३ मधलाही सतरावाच प्रश्न एकाच त्रिकोणाबद्दल आहेत. बिंदू तेच : अ(३, −४, −४), ब(२, −१, १) आणि क(१, −३, −५). मागणीही तीच : हे काटकोन त्रिकोणाचे शिरोबिंदू आहेत हे दाखवा. पहिल्या वेळी मुलाला सदिशांची बेरीज, वजाबाकी आणि लांबी एवढंच ठाऊक असतं. दुसऱ्या वेळेपर्यंत अदिश गुणाकार, म्हणजे डॉट प्रॉडक्ट, शिकून झालेला असतो. एकच त्रिकोण दोनदा देण्यामागे पुस्तकाचा हेतू चांगला आहे, पण ही जोडी बहुतेकांच्या नजरेतून निसटते आणि मूल दुसऱ्या वेळी सूत्र लावून मोकळं होतं. डॉट प्रॉडक्ट शून्य आला की काटकोन, एवढंच त्याच्या डोक्यात राहतं. या लेखाचं म्हणणं असं की सिद्धतेचा खरा भार त्या शून्यावर नाही. तो त्याच्या आधीच्या पायरीवर, बिंदूंवरून बाजू तयार करणाऱ्या वजाबाकीवर आहे. ती पायरी गाळली तर शून्य येऊनही काहीच सिद्ध होत नाही, आणि पुस्तकातला हा त्रिकोण नेमका असा आहे की ती गाळली तरी उत्तर जुळतं.

ते कसं, हे आकड्यांतच पाहू. घाईत असलेलं मूल दिलेल्या सदिशांकडे बघतं आणि त्यांचाच एकमेकांशी डॉट प्रॉडक्ट काढायला लागतं. ब आणि क यांच्या स्थान सदिशांचा गुणाकार होतो २×१ + (−१)×(−३) + १×(−५), म्हणजे २ + ३ − ५, म्हणजे शून्य. मूल लिहितं, गुणाकार शून्य, म्हणून काटकोन, म्हणून त्रिकोण काटकोन. उत्तर छापील उत्तराशी जुळतं आणि वहीत बरोबरची खूण पडते. पण स्थान सदिश आरंभबिंदूपासून निघतो. त्या शून्याने सांगितलं ते एवढंच की आरंभबिंदू ओ पाशी, ओब आणि ओक यांच्यामध्ये ९० अंशांचा कोन आहे. ओ हा आपल्या त्रिकोणाचा शिरोबिंदूच नाही. मग उत्तर जुळलं कसं? ब आणि क यांच्या निर्देशकांची बेरीज करून पाहा : (३, −४, −४). हा तर अ. म्हणजे ओ, ब, अ, क हा समांतरभुज चौकोन आहे, त्याचा ओ पाशी असलेला कोन काटकोन आहे, म्हणून तो आयत आहे, आणि म्हणून समोरच्या कोपऱ्यावर, अ पाशीही काटकोन आहे. एवढं सगळं वहीत लिहिलं असतं तर ती सुंदर सिद्धता झाली असती. न लिहिता मिळालेलं उत्तर हा निव्वळ योगायोग आहे, आणि मुलाची समजूत मात्र पक्की होते की दिलेले सदिश म्हणजेच त्रिकोणाच्या बाजू.

ही समजूत मोडायला एक सोपा प्रयोग पुरे. तोच त्रिकोण जसाच्या तसा उचलून थोडा बाजूला ठेवा. प्रत्येक निर्देशकात १ मिळवला की शिरोबिंदू होतात (४, −३, −३), (३, ०, २) आणि (२, −२, −४). त्रिकोणाचा आकार बदललेला नाही, काटकोन जिथे होता तिथेच आहे. आता स्थान सदिशांचे गुणाकार काढले तर ६, २६ आणि −२ येतात, एकही शून्य नाही. त्या पद्धतीने गेलेलं मूल हा त्रिकोण काटकोन नाही असं छातीठोकपणे लिहील. उलट बाजूनेही तेवढीच फसगत होते. (१, ०, ०), (०, १, ०) आणि (०, ०, १) हे तीन बिंदू घ्या. त्यांच्या स्थान सदिशांचे तिन्ही गुणाकार शून्य येतात, पण त्रिकोणाची प्रत्येक बाजू दोनाच्या वर्गमुळाएवढी आहे. म्हणजे तो समभुज आहे आणि त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा आहे. तीन शून्यं हातात असून त्रिकोणात एकही काटकोन नाही. पालकांनी मुलाला हे दोन त्रिकोण कागदावर सोडवायला द्यावेत. भाषणापेक्षा त्यांचा परिणाम जास्त होईल.

आता बरोबर पद्धत. अ पाशी काटकोन आहे का हे पाहायचं तर अ पासून निघणाऱ्या दोन्ही बाजू हव्यात. अब म्हणजे ब वजा अ : (−१, ३, ५). अक म्हणजे क वजा अ : (−२, १, −१). गुणाकार २ + ३ − ५ = ०. दोन्ही सदिश शून्येतर आहेत, म्हणून कोन बअक ९० अंशांचा आहे. एवढीच सिद्धता, पण तिच्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. शून्येतर हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण शून्य सदिशाचा कशाशीही गुणाकार शून्यच येतो. दोन बिंदू एकच असले तर त्रिकोणच नसतो, पण गुणाकार मात्र शून्य दिसतो. उलट, शून्येतर असलेले दोन सदिश एकमेकांना लंब ठरले की तीन बिंदू एका रेषेत असण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे काही वह्यांत दिसणारी एक पायरी अनावश्यक ठरते. अब + बक + कअ = ० असं लिहून, म्हणून हा त्रिकोण आहे, असं पुढे जोडलेलं असतं. ही बेरीज कोणत्याही तीन बिंदूंसाठी शून्यच येते, मग ते एका सरळ रेषेत का असेनात. तिने काही सिद्ध होत नाही आणि वेळ जातो तो वेगळाच. एका वेगळ्या प्रश्नात मात्र अशी पायरी अनिवार्य असते. प्रश्नाने बिंदू न देता तीन सदिश दिले आणि हे त्रिकोणाच्या बाजू आहेत असं दाखवायला सांगितलं, तर त्यांतला एक सदिश इतर दोघांची बेरीज आहे, निदान चिन्हं बदलून तरी आहे, हे आधी दाखवायला हवं. तिन्ही अक्षांवरचे एकक सदिश एकमेकांना लंब असतात, पण त्यांच्यापासून त्रिकोण बनत नाही. म्हणून प्रश्न वाचताना शिरोबिंदू हा शब्द आहे की बाजू, हे पेन उचलण्याआधी पाहून घ्यावं.

दिशेबद्दलही एक सवय लावून घ्यायला हवी. ब पाशी असलेला कोन बअ आणि बक यांच्यातला, अब आणि बक यांच्यातला नव्हे. काटकोनाच्या बाबतीत यातली चूक झाकली जाते, कारण दिशा उलटी केली तर गुणाकाराचं फक्त चिन्ह बदलतं आणि शून्याला चिन्ह नसतं. पण पुढच्याच प्रश्नात कोनाचं माप विचारलं की ६० अंशांऐवजी १२० येतात. एनसीईआरटीने स्वाध्याय १०.३ च्या पंधराव्या प्रश्नात, कोन अबक काढायला सांगताना, कंसात ही सूचना मुद्दाम दिली आहे. दोन्ही बाजू कोपऱ्यातून बाहेर निघाल्या पाहिजेत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर ही गडबड कधीच होत नाही.

आता पहिला आक्षेप, जो मुलांपेक्षा पालकांकडून जास्त येतो. पायथागोरस असताना हे सगळं कशाला? बाजूंचे वर्ग काढा, ६ अधिक ३५ बरोबर ४१, संपलं. आक्षेपात तथ्य आहे आणि १०.२ मधला प्रश्न तसाच सोडवायचा आहे. फक्त एक लक्षात ठेवावं की इथे वापरतो ते पायथागोरसचं प्रमेय नसून त्याचा व्यत्यास आहे. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात प्रमेय ४७ व्या क्रमांकावर आहे आणि व्यत्यास ४८ व्या, दोन्हींची सिद्धता वेगवेगळी दिलेली. उत्तरपत्रिकेत व्यत्यास हा शब्द आला पाहिजे. आणि या दोन पद्धती एकमेकींच्या स्पर्धक नाहीतच. बक म्हणजे अक वजा अब. बक चा स्वतःशी डॉट प्रॉडक्ट काढून पसरवला की मिळतं : बक चा वर्ग = अब चा वर्ग + अक चा वर्ग − २ गुणिले अब आणि अक यांचा डॉट प्रॉडक्ट. पायथागोरसच्या समीकरणात जे कमी-जास्त पडतं, ते म्हणजेच हा डॉट प्रॉडक्ट, दुपटीने. तो शून्य असेल तर समीकरण जुळतं, आणि समीकरण जुळलं तर तो शून्य असतोच. प्रमेय आणि व्यत्यास दोन्ही या एका ओळीत सिद्ध होतात. शिवाय समीकरण नुसतं जुळत नाही एवढंच कळण्याऐवजी इथे चिन्हही मिळतं. गुणाकार धन आला तर कोन लघुकोन, ऋण आला तर विशालकोन. वर्ग काढायचे तीन, गुणाकार करायचा एक. मोठ्या संख्या असल्या की हा फरक जाणवतो.

पण कोणत्या कोपऱ्यात तपासायचं हे आधी कसं कळणार? कळत नाही, आणि म्हणूनच लांबीची पद्धत टाकून देऊ नये. सर्वांत लांब बाजू हीच कर्ण असू शकते, तिच्या समोरचा कोपरा तपासावा. नाहीतर एकामागून एक तिन्ही कोपरे घ्यावेत. अज्ञात संख्या असलेल्या प्रश्नात तर तिन्ही घ्यावेच लागतात. अ(०, ०), ब(५, ०) आणि क(ट, २) हा त्रिकोण काटकोन असेल तर ट किती, असं विचारलं आणि काटकोन कुठे ते सांगितलं नाही, तर अ पाशी धरून ट = ० येतं, ब पाशी धरून ट = ५, आणि क पाशी धरून ट(ट − ५) + ४ = ०, म्हणजे १ किंवा ४. उत्तरं चार आहेत. एक काढून थांबलेलं मूल गणित येत असूनही गुण गमावतं.

दुसरा आक्षेप ढाळाचा, म्हणजे स्लोपचा. दोन रेषांच्या ढाळांचा गुणाकार −१ आला की त्या लंब, हे मुलं अकरावीत शिकलेली असतात. पण एक रेषा उभी असली की तिला ढाळच नसतो, आणि त्रिमितीत ही पद्धत चालतच नाही. वरच्या त्रिकोणाला तर ती लावताच येणार नाही.

आता वर्गाबाहेर पडू, कारण या देशात हे गणित रोज वापरलं जातं आणि बांधकाम-सर्वेक्षणाच्या कामात मराठी माणसंही आहेत. साईटवर टेपने तीन-चार-पाचचा त्रिकोण घालून कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे पाहण्याची रीत जुनी आणि चांगली आहे. पण टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावरून जे हातात येतं ते निर्देशक असतात. दुबईत त्यासाठी दुबई लोकल ट्रान्सव्हर्स मर्केटर ही स्थानिक पद्धत आहे. तिचं मध्यवर्ती रेखावृत्त ५५ अंश २० मिनिटं पूर्व. त्या रेषेवर पूर्वेकडचं अंतर ५,००,००० मीटर धरलेलं आहे आणि उत्तरेकडचं अंतर विषुववृत्तापासून मोजतात. म्हणजे या पद्धतीचा आरंभबिंदू दुबईत नाहीच, तो सोमालियाच्या पूर्वेला हिंदी महासागरात विषुववृत्तावर पडतो. समजण्यासाठी एका प्लॉटचे तीन कोपरे कल्पू : प(४९३६१२.४०, २७८७३१५.२०), फ(४९३६३६.४०, २७८७३३३.२०) आणि र(४९३५९७.३८, २७८७३३५.२१). इथे कुणी स्थान सदिशांचा गुणाकार केला तर तो आठ लाख कोटींच्या घरात जाईल आणि सांगेल काय, तर भर समुद्रात उभं राहून दुबईतले दोन कोपरे किती अंशांत दिसतात. वर्गात योगायोगाने झाकली गेलेली चूक इथे उघडी पडते. वजाबाकी केली की मात्र सगळे मोठे आकडे निघून जातात आणि फक्त प्लॉट उरतो. पफ = (२४, १८), पर = (−१५.०२, २०.०१).

गुणाकार काढा : −३६०.४८ + ३६०.१८ = −०.३०. शून्य नाही. मग कोपरा गुण्यात नाही म्हणायचं का? इथे डॉट प्रॉडक्टचा अर्थ ठाऊक असणं उपयोगी पडतं. या ०.३० चं एकक चौरस मीटर आहे, नुसतं त्याच्याकडे बघून लहान-मोठं ठरवता येत नाही. पफ ची लांबी ३० मीटर आहे. तिने भागलं की ०.०१ मीटर येतं, म्हणजे एक सेंटिमीटर. पर ही सुमारे २५ मीटर लांबीची बाजू आपल्या शेवटच्या टोकाला काटकोनापासून एक सेंटिमीटर बाहेर झुकली आहे, आणि चिन्ह ऋण असल्याने कोन किंचित विशाल आहे. कोनाच्या मापात हा फरक दीड मिनिटाहूनही कमी. हे चालेल की नाही हे कामाच्या अटींवर ठरतं. कंपाउंडच्या भिंतीला एक मर्यादा असेल, काचेच्या दर्शनी भिंतीला दुसरी. सॉफ्टवेअर कोन देतंच, मग हाताने कशाला, असं कुणी म्हणेल. सॉफ्टवेअर कोन देतं, पण त्याला कोपऱ्याचा क्रम चुकीचा दिला तर ते भलत्याच कोपऱ्याचा कोन तितक्याच खात्रीने देतं. एका भागाकाराने सेंटिमीटर हातात आला की ती चूक जागीच कळते. नकाशाच्या प्रक्षेपामुळे कोन बिघडत असेल अशी शंका सर्वेक्षणातले लोक घेतील, तर ट्रान्सव्हर्स मर्केटर हा कोन राखणारा प्रक्षेप आहे, प्लॉटएवढ्या क्षेत्रात काटकोन काटकोनच राहतो.

यातून एक भेद मुलांना आवर्जून सांगावा. मोजलेल्या आकड्यांनी काटकोन सिद्ध होत नसतो, तो ठरलेल्या मर्यादेत आहे एवढंच दाखवता येतं. परीक्षेतल्या आकड्यांनी तो सिद्ध होतो, कारण तिथलं शून्य तंतोतंत शून्य असतं. म्हणून वर्गमुळं असलेल्या प्रश्नात दशांश अपूर्णांक घालू नयेत. वर्गमुळाची किंमत १.४१ लिहिली की तंतोतंत शून्य हातचं जातं आणि उत्तर जवळपास बरोबर या पातळीवर येतं, ज्याला सिद्धता म्हणता येत नाही.

आणि सिद्धतेला आकडे लागतातच असंही नाही. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे मुलांनी नववीत भूमितीने सिद्ध केलेलं असतं. तेच सदिशांनी दोन ओळींत होतं. वर्तुळाचा केंद्रबिंदू हाच आरंभबिंदू माना. व्यासाचं एक टोक सदिश अ, दुसरं मग −अ. वर्तुळावरचा, या दोन टोकांखेरीज कोणताही बिंदू क. क पासून दोन्ही टोकांकडे जाणारे सदिश अ − क आणि −अ − क. त्यांचा गुणाकार पसरवला की मधली पदं एकमेकांना रद्द करतात आणि उरतं क चा वर्ग वजा अ चा वर्ग. दोन्ही लांब्या त्रिज्येएवढ्या, म्हणून शून्य. आरंभबिंदू आपल्या सोयीने केंद्रात ठेवता आला, कारण वजाबाकीनंतर तो कुठे होता याने काही फरक पडत नाही. महासागरातला आरंभबिंदू जसा प्लॉटच्या कोपऱ्यात लुडबूड करू शकला नाही, तसंच हे. ज्या मुलाला ही सिद्धता न बघता लिहिता येते त्याला प्रकरण समजलं आहे असं खुशाल मानावं.

सीबीएसईच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत सदिश आणि त्रिमितीय भूमिती यांना मिळून १४ गुण आहेत, आणि पुढे जेईईत किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात हाच विषय बलांच्या आणि कामाच्या रूपात पुन्हा समोर येतो. तेव्हा पालकांनो, तुमचं गणित मराठी माध्यमात झालेलं असो आणि मुलाचं इंग्रजीत, या प्रकरणाची वही तपासायला भाषेची अडचण येणार नाही. काटकोनाच्या प्रत्येक गणितात गुणाकाराच्या आधी वजाबाकीची ओळ आहे का, दोन्ही बाजू एकाच कोपऱ्यातून निघाल्या आहेत का, आणि शेवटी त्या कोपऱ्याचं नाव लिहिलं आहे का, एवढं पाहा. वजाबाकीची ओळ नसेल तर उत्तर जुळलेलं असलं तरी ते गणित मुलाला पुन्हा सोडवायला सांगा.